उपाशी ओळी

"हात लावायचा नाही! सोपान, ट्रॅक्टर मागे घे! मागे! त्या ओळींवर एक थेंब जरी पडला ना, तर मी इथून उठायची नाही, सांगून ठेवते!"

हा आवाज ज्या बाईंच्या गळ्यातून आला, त्या तराजूत बसल्या असत्या तर द्राक्षाच्या दोन क्रेटांना जेमतेम भारी ठरल्या असत्या. पण आवाज असा, की सायखेड्याच्या पुलावर उसाची गाडी चालली होती तिचे बैल जागीच थांबले, गोदावरीतले बगळे उठून पलीकडच्या काठावर जाऊन बसले आणि माझ्या हातातला चहा थंड झाला. चहा आधीच थंड होता असं सोपान म्हणतो. सोपानला गोष्ट सांगता येत नाही.

त्याने ट्रॅक्टर बंद केला. मागच्या फवारणीच्या ब्लोअरचा पंखा कुरकुरत फिरला आणि थांबला. वर आभाळ असं उतरलं होतं की उंच माणसाने टोपी काढून चालावं. असं आभाळ दिसलं की द्राक्षवाला आधी औषध मारतो आणि मग कशासाठी मारलं याचा विचार करतो.

"मॅडम, ढग तरी बघा ना वर! डावणी येईल!" सोपान अगदी रडकुंडीला आला होता. डावणी म्हणजे पानामागे पांढरी लव धरते आणि मग घडच्या घड सडतात. आमच्याकडे लहान पोराला बागुलबुवा सांगत नाहीत, डावणी सांगतात.

"येऊ दे की," मॅडम म्हणाल्या. आता आवाज खाली आला होता. "तिच्यासाठीच ठेवल्यात ना त्या ओळी."

या जोशी मॅडम. नाशिकला गंगापूर रोडला राहायच्या आणि एका संशोधन केंद्रात हवामान आणि पिकाचे रोग यांची सोयरीक कशी जुळते याचा अभ्यास करायच्या. वडील गोदाकाठी यात्रेकरूंचे विधी सांगायचे, आता भाऊ सांगतो. "आमच्या घरात सगळे आभाळाला सांगतात, मी एकटी विचारते," असं त्या एकदा म्हणाल्या होत्या. विचारतात पण सांगत काही नाहीत, ही गावाची तक्रार. आमचे तुकाराम नाना तर उघड म्हणायचे, "जोशीण असून भविष्य सांगत नाय, अशी ही पहिलीच पाहिली भो!"

माझं म्हणाल तर सायखेड्यात शेती औषधांचं दुकान आहे. ढग हा माझा बिनभांडवली भागीदार. दुपारी चार वाजता पश्चिमेला हातरुमालाएवढा ढग दिसला, की पाच वाजता माझ्या दुकानासमोर मोटारसायकलींची रांग लागते. या बाई बरोबर त्या भागीदाराच्या मुळावर आल्या होत्या. त्यामुळे मी त्यांच्याविषयी जे सांगतोय ते शत्रूने सांगितलेलं समजा. शत्रू जेवढं लक्ष ठेवतो, तेवढं मित्र ठेवत नाही.

झालं होतं असं की पावसाने जनाची लाज सोडली होती. पूर्वी तो यायचा, पडायचा, गणपतीला निरोप देऊन आपणही जायचा. त्याच्या अंदाजाने बापजाद्यांनी छाटणी ठरवली, फवारणीचे दिवस ठरवले. आता तो दिवाळीत फराळाला यायला लागला, संक्रांतीला तिळगूळ मागायला लागला. बाग फुलोऱ्यात असली की नेमका हजर. शेतकरी घाबरून रोज फवारायचा. सकाळी एक, संध्याकाळी एक, आणि शेजाऱ्याने मारलं म्हणून मध्ये एक. माझं दुकान दोन मजली झालं, ते खोटं कशाला बोलू.

मॅडमचं म्हणणं असं की डावणीला ढग लागत नाही, ओलं पान लागतं. पान किती वेळ ओलं राहिलं हे सांगणारं यंत्र बागेत उभं करू. ते सांगेल तेव्हाच फवारा, एरवी हात बांधून बसा. त्यासाठी एका बागेचे तीन तुकडे करायचे. एकात शेतकऱ्याच्या मनाप्रमाणे औषध. दुसऱ्यात यंत्राच्या सांगण्याप्रमाणे. आणि तिसऱ्यात काहीच नाही.

"काहीच नाही म्हंजी?" तुकाराम नानांनी विचारलं. मारुतीच्या पारावर बैठक होती.

"काहीच नाही म्हणजे काहीच नाही."

"कामून?"

"समजा यंत्राच्या तुकड्यात रोग आला नाही. तर तो यंत्रामुळे आला नाही, की यंदा मुळात रोगच नव्हता, हे आपल्याला कसं कळणार? तिसऱ्या ओळी सडल्या तर कळेल."

"म्हंजी त्या सडाया पाह्यजेत?"

"सडल्या तर बरं."

पारावर अशी शांतता पसरली की मारुतीने डोळे मिटले. बाई, तुम्ही आमच्या पोरांपैकी एकाला लस देऊ नका म्हणता आणि वर तो आजारी पडावा म्हणून वाट बघता, असंच सगळ्यांना ते ऐकू आलं. त्या ओळींची भरपाई केंद्र देणार होतं. पण पैशाचा प्रश्नच नव्हता. आमच्याकडे माणूस परक्याच्या बांधावरच्या सुकलेल्या रोपालाही जाता जाता तांब्याभर पाणी घालून पुढे जातो. स्वतःची जितीजागती वेल डोळ्यांदेखत सडू द्यायची, हे काम कुणाच्या हातून व्हावं?

बाग दिली ती सोपानच्या आईने. तिला सगळा गाव जिजी म्हणतो. उंचीने कमी, पण नऊवारीचा कासोटा मारून बागेत उभी राहिली की मजूर आपोआप पाठीचा कणा ताठ करतात. ती म्हणाली, "नदीच्या अंगाच्या पाच ओळी घ्या. वारा तिकून पल्याड जातो, बाकीच्या बागंला झळ नाय लागायची. मधी जाळी बांधा." आणि मग त्या ओळींकडे बघून म्हणाली, "बिचाऱ्या. उपाशी राहतील."

तेव्हापासून त्यांचं नाव पडलं उपाशी ओळी. मॅडमच्या कागदांत त्यांना काही वेगळं भारदस्त नाव होतं. पण दुसऱ्या वर्षी मी मॅडमनाच फोनवर म्हणताना ऐकलं, "सर, उपाशीचे फोटो पाठवते."

मॅडमची चाल अशी, की बागेत शिरल्यावर आधी माणसाकडे बघायच्याच नाहीत. पान धरायचं, उलटं करायचं, पाठ बघायची, सोडायचं. पुढचं पान. चहा आला तरी एका हाताने कप आणि दुसऱ्या हाताने पान. एकदा जिजीच्या नातीच्या साखरपुड्याला आल्या, तर मांडवाला बांधलेल्या आंब्याच्या टाळ्याचं पान उलटून बघितलं. नवरदेवाची बाजू चपापली. त्यांना वाटलं मुलीकडचे लोक जादूटोणा बघतात का काय.

पाण्याची बाटली लोकरीच्या मोज्यात घालून आणायच्या. मोजा पुरुषी, तपकिरी, एकच. दुसरा कुठे आहे हे विचारायची हिंमत पंचक्रोशीत कुणाची झाली नाही. आणि त्यांच्या तोंडी एक शब्द कधीच यायचा नाही, 'नक्की'. पाऊस येईल का विचारलं, की "दहातले सहा." म्हणजे काय? तर म्हणे अशा हवेचे दहा दिवस घेतले तर सहा दिवस पाऊस पडतो. "आणि आज त्या सहातला का चारातला?" "ते माहीत नाही."

हे 'माहीत नाही' त्या इतक्या सहज म्हणायच्या की समोरचा माणूस हादरायचा. चांदवडला एकदा कांदेवाल्यांचा मोठा मेळावा होता. मला त्यांनी गाडीत घेतलं होतं, कारण रस्त्यात कुठे चांगली भेळ मिळते ते मला ठाऊक. हायवेलगतच्या मंगल कार्यालयात एवढी गर्दी, की पंख्याला लटकून लोक भाषण ऐकत होते. मॅडमच्या आधी एक साहेब बोलले. त्यांनी पुढच्या पंधरा वर्षांचं हवामान अशा थाटात सांगितलं की जणू पाऊस त्यांच्याकडे रजेचा अर्ज देऊनच जातो. टाळ्या पडल्या. मग मॅडम उभ्या राहिल्या. मागून एक धिप्पाड कांदेवाला उठला.

"ताई, बाकीचं राहू द्या. कांदा काढून शेतात पडलाय माझा. या आठवड्यात पाणी पडंल का नाय, एवढंच बोला."

"माहीत नाही," मॅडम म्हणाल्या.

"मंग आलात कशाला एवढ्या लांबून?"

"झाकायला ताडपत्री आहे का तुमच्याकडे?"

"हाय."

"झाका. नाही पडला तर मला शिव्या द्या. पडला तर कांदा वाचेल. शिव्या खायला मी मोकळीच आहे."

लोक हसले. साहेब हसले नाहीत. परतीच्या वाटेवर भेळ खाताना मी म्हटलं, "मॅडम, जरा 'नक्की' म्हणून टाकत जा की. लोकांना तेवढंच बरं वाटतं." त्या कांद्याचे तुकडे बाजूला काढत म्हणाल्या, "अण्णा, तुम्ही औषध विकताना म्हणता ना नक्की?" मग मी उरलेली भेळ गप्प बसून खाल्ली. पाऊस पडला की नाही ते आता आठवत नाही. त्या शिव्या घ्यायला तयार झाल्या होत्या, तेवढं मात्र आठवतं.

यंत्राची गोष्ट तर सांगायलाच हवी. लोखंडी खांब, वर फिरणारी चक्की, खाली डबा, आणि वेलीच्या उंचीवर प्लास्टिकचं एक खोटं पान. दव पडलं, पाऊस पडला, की ते पान खऱ्या पानासारखं भिजतं आणि डबा सगळ्या गावाच्या मोबाईलवर निरोप धाडतो. खंडेनवमीला सोपानने ट्रॅक्टरची पूजा केली, ब्लोअरची केली, पंपाची केली. मग त्याला वाटलं, एवढं मोठं अवजार बागेत उभं आहे, ते काय सावत्र आहे? त्याने खांबाला हार घातला, खोट्या पानाला हळदकुंकवाची बोटं ओढली, अक्षता चिकटवल्या आणि नारळ फोडून पाणी वरून ओतलं.

त्यानंतर ऊन असं तापलं की डोक्यावर पापड भाजावेत. आणि मोबाईल एकसारखे ओरडत होते, "पान ओलं! पान ओलं!" नारळाचं पाणी सुकून पानावर चिकट थर बसला होता आणि त्यावर रात्रीचं दव धरून राहत होतं. गाव यंत्राच्या शब्दावर उठून फवारायला लागलं. माझ्या दुकानातलं औषध संपलं, गोदामातलं संपलं. मी शेवटी रिकामे खोके विकले असते तरी ते लोक घेऊन गेले असते.

मॅडम नाशिकहून आल्या. पानावरचं कुंकू बघितलं, एक अक्षत नखाने काढली. आम्ही सगळे शिक्षा झाल्यासारखे रांगेत उभे. त्यांनी विचारलं, "प्रसाद उरलाय का?" सोपानने घरातून खोबरं आणून दिलं. ते चावत चावत त्यांनी पान ओल्या फडक्याने पुसलं, कोरडं केलं, पुन्हा पुसलं. जाताना एवढंच म्हणाल्या, "पुढच्या वर्षी हार चालेल. खांबाला."

पण उपाशी ओळींचं काही जमेना.

पहिल्या हंगामात पाऊस पडला, दव पडलं, यंत्राने बरोबर हाक मारली. यंत्राच्या तुकड्यात बाग स्वच्छ. सोपानने मनाप्रमाणे फवारली ती बाग स्वच्छ. आणि उपाशी ओळीही स्वच्छ! इकडे तिकडे एखादं पान डागाळलेलं, बाकी घड कसे जरीच्या लुगड्यावरच्या मोत्यांसारखे. मॅडमनी पानं उलटली, पुन्हा उलटली. म्हणाल्या, "रोगाचा जोर नव्हता यंदा." पण शेजारच्या शिवारात डावणीने दोन बागा बसवल्या होत्या.

दुसऱ्या वर्षी तेच. आजूबाजूला हाहाकार, आणि उपास धरलेल्या ओळी मात्र सुदृढ. गावाला आनंद. तुकाराम नाना म्हणाले, "बघा, देवाला काळजी!" मॅडमच्या कपाळावरची आठी मात्र त्या वर्षी जी पडली ती पुन्हा काही गेली नाही. वरून फोन यायला लागले होते. दोन वर्षं निकाल नाही, यंत्र उचला, दुसऱ्या तालुक्यात लावा. एका साहेबांनी तर माझ्यादेखत फोनवर सांगितलं, की थोडी सडकी पानं गृहीत धरून अहवाल करून टाका, कोण बघतंय. मॅडम म्हणाल्या, "सर, मी बघतेय." आणि फोन ठेवून माझ्या दुकानातल्या खुर्चीवर बराच वेळ तशाच बसल्या. त्या दिवशी त्यांचा चेहरा मला धुऊन धुऊन विटलेल्या कापडासारखा दिसला. मला वाटलं, आता यंत्र गेलं. आणि खरं सांगतो, मला आनंद झाला नाही. व्हायला हवा होता.

चोरी सापडली ती वासाने. मॅडम भर दुपारी न सांगता आल्या. मी त्यांना दुकानावरून बागेत घेऊन गेलो. उपाशी ओळींमध्ये शिरल्या, पान उलटलं आणि नाकाशी नेलं. मग मला म्हणाल्या, "अण्णा, वास घ्या." मी घेतला. आंबट. तेवढ्यात ओळीच्या दुसऱ्या टोकाकडून जिजी आली. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर तांब्याचा हंडा, हातात कडुनिंबाची डहाळी. ती डहाळी हंड्यात बुडवायची आणि वेलींवर शिंपडायची. देवळातला पुजारी तीर्थ शिंपडतो तशी.

"जिजी!" मॅडम म्हणाल्या. ओरडल्या नाहीत.

"काय?" जिजीने हंडा खाली ठेवला. तोंडावर चोरीचं नाव नाही. "औषध नाय मारलं मी. तुमी नाय म्हनल्या, नाय मारलं. सोपानलाबी मारू दिलं नाय."

"मग हे काय आहे?"

"ताक."

"ताक कशाला?"

"उपासाला ताक चालतं," जिजी म्हणाली.

मॅडमनी हंड्यात डोकावून बघितलं. त्यात बोट बुडवलं आणि चाखलं. मी दचकलो.

"तांब्याच्या हंड्यात किती दिवस आंबवता?"

"आठ-धा दिस. चांगलं निळं पडंस्तोवर."

"तांबं उतरलंय त्यात, जिजी. तांबं हेच औषध आहे. अण्णांच्या दुकानातल्या अर्ध्या डब्यांत हेच असतं." मी तिसरीकडे बघितलं. "तुम्ही दोन वर्षं या ओळींना औषधच देताय."

जिजीने डहाळी हंड्यावर आडवी ठेवली. मग म्हणाली, "रोज सकाळी इथून जावं लागतं ना मला. गोठा तिकडं हाय. येता-जाता बघत्यात त्या माझ्याकडं. सगळ्यांला मिळतं, आन् आपल्याला कामून नाय. तुमी नाशकाला जाता, बाई. मी हितंच राहते."

मॅडम बांधावर बसल्या. जिजीही बसली. त्या दोघींच्या मध्ये तो हंडा. मी जरा लांब उभा राहिलो, म्हणजे ऐकू येईल एवढ्याच लांब.

"जिजी, मला या वर्षी काहीच कळलं नाही. गेल्या वर्षीही नाही. तुमच्या ताकावर आपण वेगळ्या ओळी धरू, ते मला खरंच बघायचंय. पण या पाच ओळी उपाशीच राहायला हव्यात. निर्जळी. नाहीतर हे यंत्र इथून जाईल, आणि ते बरोबर होतं की चूक, ते कुणालाच कधी कळणार नाही. ना तुम्हाला, ना सोपानला, ना पुढच्या गावाला. आणखी एक हंगाम मागून घेते मी. शेवटचा."

"त्या मरतील."

"वेली नाही मरणार. घड जातील. पानं जातील. दिसायला वाईट दिसेल."

"लय वाईट दिसंल?"

"हो."

मॅडमनी 'हो' म्हटलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

तिसऱ्या हंगामात दिवाळी झाली आणि थंडीऐवजी पाऊस आला. तीन दिवस नुसता झिमझिम, वर धुकं. उन्हाचं नाव नाही. मोबाईलवर निरोप आला, यंत्राच्या तुकड्यात नेमक्या वेळी फवारणी झाली. सोपानने आपल्या तुकड्यात इतक्या वेळा औषध मारलं की वेली शिंकायला लागल्या. आणि नदीकडच्या पाच ओळी तशाच उभ्या. आधी पानामागे पांढरं धरलं, जसं कुणी पीठ चाळलंय. मग पानं करपली. मग घडांचे मणी करडे झाले, चुरगळले, काळे पडले, आणि वारा फिरला की घराच्या ओट्यापर्यंत वास यायला लागला.

जिजीने ओट्यावरची बाज फिरवून घेतली, तोंड रस्त्याकडे करून. गोठ्यात जायला ती बागेला वळसा घालायला लागली, पण गुरांच्या वेळा चुकायला लागल्या तेव्हा तो वळसाही सोडला. मग त्या बाजूला पदर ओढून जायची, जसं सासऱ्यासमोरून जावं. तांब्याचा हंडा घासून लख्ख करून तिने माळ्यावर टाकला. सोपान दोनदा माझ्याकडे येऊन म्हणाला, "अण्णा, आईला समजवा. जेवत नाय ती नीट. एक फवारा मारू द्या, मी मॅडमचे पाय धरतो." मी समजवायला गेलो. जिजी म्हणाली, "तुझ्या दुकानात काय माल खपना झालाय का?" मी परत आलो.

मॅडम आता एक दिवसाआड यायच्या. प्रत्येक वेलीची पानं घेऊन कुठे किती सडलं याला गुण द्यायच्या. शाळेत मास्तर नापासाचे गुण मांडतात तसं. एके दिवशी मी गेलो तर त्या ओळीच्या तोंडाशी उभ्या होत्या आणि बाजूला जिजी. पदर नव्हता ओढला. समोर सगळं काळं. दोघीही बघत होत्या. मॅडमचे डोळे लाल होते, धुराने की जागरणाने ते कळत नव्हतं. धूर कुठेच नव्हता.

"अजून किती?" जिजीने विचारलं.

"अजून थोडं."

"बरं." मग तिने कमरेला लावलेला पेला काढला आणि झाकणाच्या किटलीतून भरला. "घ्या. त्यांला नाय तर नाय, तुमी तरी प्या."

मॅडम ताक प्यायल्या. पेला रिकामा करून परत दिला आणि पुढचं पान उलटलं.

निकाल लागला. यंत्राच्या तुकड्यात फवारण्या सोपानच्या तुकड्यापेक्षा निम्म्याहून कमी आणि बाग तितकीच चांगली. उपाशी ओळींत विकण्यासारखा एक घडही नाही. मॅडमचा अहवाल गेला. वरच्यांनी यंत्र ठेवलं. माझ्या दुकानाच्या तिसऱ्या मजल्याचं काम थांबलं, ते मी कुणाला सांगत नाही. गावाने मॅडमचा सत्कार ठेवला तेव्हा कळलं की त्या निवृत्त होतायत.

शेवटच्या दिवशी त्या सत्कार झाल्यावर जिजीच्या घरी आल्या. खांद्यावर शाल, हातात नारळ, काय करावं ते न कळून दोन्ही तसंच धरलेलं. उन्हाळा चालू होता. बागेची खरडछाटणी झाली होती, वेली नुसत्या काड्या होऊन उभ्या होत्या. मी मोठ्याने म्हटलं, "मॅडम, जिंकलात! आता सगळ्या तालुक्याला छातीठोक सांगा, नक्की म्हणून!"

"एका वर्षावरून काही सांगता येत नाही, अण्णा," त्या म्हणाल्या. "योगायोगही असेल. आधीची दोन ताकात गेली. सलग तीन तरी धड हवीत. आणि पाऊस दर वर्षी वेगळा वागतोय. यंदाचं पुढच्या वर्षाला लागू पडेल की नाही, तेही बघायला हवं."

"मग?"

"मग काय. मी तर चालले."

"तुमच्या जागी कोण येणार?"

"माहीत नाही."

त्यांनी जिजीला नमस्कार केला, जिजीने त्यांच्या कपाळाला कुंकू लावलं. सोपानने शाल आणि नारळ गाडीत मागे ठेवला. मॅडम पुढे ड्रायव्हरशेजारी बसल्या, काच खाली केली, हात वर केला. गाडी निघाली. ती पुलावर चढायच्या आतच त्यांची मान खिडकीकडे कलली आणि त्या झोपल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना टेकलेलंसुद्धा कधी बघितलं नव्हतं. आता पुलावरचे सगळे खड्डे त्यांच्या डोक्याला हादरे देत होते आणि त्या उठत नव्हत्या.

धूळ बसेपर्यंत आम्ही तिघं तिथेच उभे होतो. मग सोपानने मोठा श्वास सोडला.

"आई, मंग येत्या छाटणीपास्नं त्या पाच ओळी घेतो बागंत. औषधपाणी सगळं सुरू करतो. बाई तर गेल्या."

जिजी ओट्यावरची बाज उचलत होती.

"नाय," ती म्हणाली. "अजून दोन सालं हायेत."